बाळाभोवतीचं पाणी किती असावं हे ठरवतं कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ३० व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत एएफआय (बाळाभोवतीच्या पाण्याचा अंदाज देणारा सेंटिमीटरमधला आकडा) १४ आला होता, ३२ व्या आठवड्यात ९ आला. दोन आठवड्यांत एवढं पाणी गेलं कुठे? रोज चार लिटर पाणी पिऊनसुद्धा कमी कसं होतं? आणि बाळाभोवती किती पाणी असावं हे नक्की ठरवतं कोण, आई, बाळ की वार (प्लॅसेंटा)?

आधी जीव भांड्यात पडू दे म्हणून सांगते, १४ पण नॉर्मल आणि ९ पण नॉर्मल. एएफआय साधारण ५ ते २४ च्या मधे असला की आम्ही नॉर्मलच म्हणतो, आणि १४ चे ९ झाले त्यात खरंच पाणी किती घटलं आणि मोजण्यातला फरक किती हे वेगळं काढणं अवघड असतं, त्यावर खाली येतेच. पण मला तिसरा प्रश्न जास्त आवडला, कारण त्याचं उत्तर कळलं की पहिले दोन आपोआप सुटतात. आणि खरं सांगायचं तर शिकताना आम्हा डॉक्टरांनासुद्धा "बाळ शू करतं आणि तीच गिळतं" एवढ्यावर हा विषय गुंडाळून दिलेला असतो. ते चूक नाहीये, पण अर्धवट आहे.

बऱ्याच जणींच्या डोक्यात असं असतं की पिशवीत पाणी भरून ठेवलंय आणि ते दिवस भरत येतात तसं आटत जातं. प्रत्यक्षात शेवटच्या दोन-तीन महिन्यांत रोज लिटरभराच्या आसपास पाणी पिशवीत येतं आणि जवळजवळ तेवढंच बाहेर जातं, आणि पिशवीत एका वेळी असतं किती, तर सरासरी सात-आठशे मिली. म्हणजे आज सकाळचं पाणी उद्या सकाळपर्यंत बहुतेक सगळं बदललेलं असतं. आता गंमत बघा, आवक-जावक एवढी मोठी आणि साठा एवढा छोटा, मग दोन्हींत दहा टक्क्यांचा जरी फरक पडला आणि तो तसाच राहिला तरी रोजचे शंभर मिली, आठवड्याचे सातशे, म्हणजे आठवड्याभरात एक तर पिशवी कोरडी पडायला हवी नाहीतर पाणी दुप्पट व्हायला हवं. बहुतेकींचं असं काही होत नाही. म्हणजे कुठेतरी कोणीतरी नळ चालू-बंद करतंय.

हे नुसतं तर्काने म्हणत नाहीये. १९८९ मध्ये ब्रेस आणि वुल्फ या दोन संशोधकांनी आधी प्रसिद्ध झालेली सातशेहून जास्त मोजमापं एकत्र करून पाहिली, सोनोग्राफीच्या अंदाजावरची नव्हेत, प्रत्यक्ष पाणी मोजलेली. त्यात दिसलं की २२ व्या आठवड्यापासून ३९ व्या आठवड्यापर्यंत पाण्याची सरासरी जवळपास सपाट राहते, ७७७ मिलीच्या आसपास. या काळात बाळ अर्ध्या किलोवरून तीन किलोवर जातं, सहापट वाढतं, त्याची शू वाढते, गिळणं वाढतं, सगळं वाढतं, आणि पाणी मात्र तिथल्या तिथे. त्याच वेळी एका बाईचं आणि दुसऱ्या बाईचं पाणी यात मोठी तफावत दिसली, तीनशे मिलीपासून जवळजवळ दोन लिटरपर्यंत, आणि ही सगळी नॉर्मल रेंज. म्हणून जावेचा एएफआय १७ होता आणि माझा ११ आहे ही तुलना करण्यात काही अर्थ नसतो.

आता पाणी येतं कुठून. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाची किडनी या कामात फारशी नसते. दहाव्या आठवड्याला पिशवीत जेमतेम ३० मिली पाणी असतं आणि त्याची बनावट रक्तातल्या पातळ भागासारखीच असते. तेव्हा बाळाची कातडी इतकी कोवळी असते की पाणी आणि क्षार तिच्यातून आरपार जातात, पडद्यांमधूनही ये-जा होते. साधारण २२ ते २५ आठवड्यांत कातडीवर केराटिनचा (नखा-केसांत असतं त्या टणक प्रोटीनचा) थर पक्का होतो आणि तो रस्ता बंद होतो. मधल्या काळात किडनीने कारभार हातात घेतलेला असतो. ती शू बनवायला लागते ८ ते ११ आठवड्यांच्या दरम्यान, पण पाण्याचा मुख्य स्रोत बनते १६ व्या आठवड्याच्या सुमाराला, तेव्हा एकूण पाणी साधारण २०० मिली असतं. हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण दोन्ही किडन्या तयारच झालेल्या नाहीत अशा बाळाभोवतीसुद्धा १३-१४ व्या आठवड्याला पाणी अगदी छान दिसतं, आणि १८ व्या आठवड्याला बघावं तर काहीच नसतं. पहिल्या तीन महिन्यांच्या स्कॅनमध्ये पाणी बरोबर होतं म्हणजे किडनी बरोबर आहे असा अर्थ निघत नाही तो यामुळे.

शेवटच्या आठवड्यांत बाळ दिवसाला सातशे मिलीपासून लिटरभरापर्यंत शू करतं. तीन किलोच्या जिवाने! साठ किलोच्या माणसाने त्याच हिशोबाने शू करायची तर रोजची पंधरा-वीस लिटर होईल. एवढी शू कारण पोटात असताना किडनीवर रक्त साफ करायची जबाबदारीच नसते, ते काम वार करते, युरिया वगैरे आईच्या रक्तात जातं आणि आई बाहेर टाकते. त्यामुळे बाळाची शू म्हणजे जवळजवळ पाणीच, अगदी पातळ. हे ऐकून "शी, बाळ स्वतःची शू पितं?" असं तोंड करणाऱ्या बऱ्याच भेटतात, तर घाण वाटून घेण्यासारखं त्यात काही नसतं.

दुसरी आवक फुप्फुसांची. लोकांना वाटतं बाळाच्या फुप्फुसात बाहेरचं पाणी शिरतं, उलट फुप्फुसंच पाणी तयार करून बाहेर सोडत असतात, रोज साधारण तीनशे मिली, त्यातलं निम्मं घशातूनच गिळलं जातं आणि निम्मं पिशवीत येतं. तोंडा-नाकातलं थोडंसं, पंचवीस मिली वगैरे, ते हिशोबात धरलं काय नि न धरलं काय.

जावकीत पहिलं नाव गिळण्याचं. दिवस भरत आलेलं बाळ रोज अर्धा ते पाऊण लिटर, कधी त्याहून जास्त पाणी गिळतं, ते आतड्यातून रक्तात जातं आणि मग वारेतून आईकडे किंवा परत किडनीकडे. पण इथे हिशोब मांडून बघा. शू ९०० मिली धरा, फुप्फुसाचं १५०, तोंडाचं २५, झाले १०७५. गिळलं ७००. मग उरलेले पावणेचारशे मिली रोज जातात कुठे? पडदे ओलांडून थेट गर्भाशयाच्या भिंतीत, म्हणजे आईच्या रक्तात जाणारं पाणी दिवसाला दहा मिलीच्या आसपास, त्याने काही भागत नाही. हा ताळा बरीच वर्षं जुळत नव्हता.

उत्तर वारेच्या बाळाकडच्या पृष्ठभागावर आहे. प्रसूतीनंतर वार नीट बघितली असेल, किंवा फोटोत, तर नाळ जिथे चिकटलेली असते त्या बाजूने जाड निळसर रक्तवाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या दिसतात, आणि त्यांच्यावर एक पातळ चकचकीत पडदा असतो जो बोटाने सोलून निघतो. तो पडदा म्हणजे अम्नियॉन. त्याच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बाळाचंच रक्त. पाणी पातळ, ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या क्षार वगैरेंचा दाटपणा) २५५ च्या आसपास, रक्त जास्त दाट, २८० च्या आसपास, त्यामुळे पाणी रक्ताकडे ओढलं जातं. या रस्त्याला इंट्रामेम्ब्रेनस म्हणतात, आणि अंदाजे २०० ते ४०० मिली पाणी रोज इथून बाळाच्या रक्तात परत जातं. पेशींमध्ये अ‍ॅक्वापोरिन नावाची प्रोटीनं असतात, पाण्याची दारंच ती, आणि ज्या उंदरांमध्ये अ‍ॅक्वापोरिन-१ चं जीन काढून टाकलं त्यांच्या पिल्लांभोवती पाणी जास्त साठलं. पण नुसतं ओढलं जाणं एवढंच असतं तर फक्त पाणी गेलं असतं, प्रत्यक्षात त्याच्याबरोबर क्षार आणि प्रोटीनही जातात, म्हणजे पडद्याच्या पेशी पाण्याचे बारीक बारीक घोट छोट्या पिशव्यांत भरून पलीकडे नेऊन टाकतात असं मानलं जातं. हा भाग मला महत्त्वाचा वाटतो, कारण जे काम पेशी करते ते पेशी कमी-जास्त करू शकते.

आणि ती करते. मेंढ्यांवर झालेले प्रयोग इथे फार बोलके आहेत, गाभण मेंढीच्या पोटातल्या कोकरात बारीक नळ्या बसवून प्रत्येक प्रवाह वेगळा मोजता येतो, माणसात ते शक्यच नाही. कोकराची अन्ननलिका बांधून टाकली, म्हणजे गिळणं शून्य. आता पाणी धो धो वाढायला हवं. तसं हमखास होत नाही, कारण पडद्यातून होणारं शोषण काही दिवसांत कित्येक पटीने वाढतं. पिशवीत बाहेरून पाणी सोडत राहिलं तरी तेच, शोषण वाढतं. उलट कोकराची शू नळीने बाहेर काढून घेतली तर शोषण कमी होतं. ब्रेस आणि सेसिलिया च्युंग यांच्या गटाने पुढे दाखवलं की शूमध्ये शोषणाला चालना देणारं काहीतरी असतं आणि पडद्यांकडून शोषण आवरणारं काहीतरी पाण्यात येतं, आणि या दोघांच्या ओढाताणीत पातळी ठरते. म्हणजे शू जास्त आली तर तीच निरोप घेऊन येते की शोषण वाढवा. मला तरी ही व्यवस्था भारी हुशार वाटते.

तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: किडनी पिशवीतलं पाणी बघून शू करत नाही, ती बाळाच्या स्वतःच्या रक्तातलं पाणी, साखर, हार्मोन यांच्याप्रमाणे चालते. फुप्फुसं आपल्या वाढीसाठी पाणी बनवतात. गिळणं बाळाच्या मेंदूच्या आणि स्नायूंच्या तयारीवर, पाणी वाढलं तर गिळणं थोडं वाढतं पण फार नाही. हे तिघं आपापल्या कामात असतात आणि चौथा, तो पडदा, बाकीच्यांच्या बेहिशेबी कारभाराचा ताळा जुळवत बसतो. आईचा हात यात आहे पण लांबून.

एक गोष्ट मात्र आहे, पडद्याची ताकद एकाच दिशेने जास्त चालते. पाणी जास्त झालं तर तो शोषण वाढवू शकतो, पाणी कमी झालं तर शोषण आवरतो, पण आवक बंदच झाली तर पाणी आणणार कुठून? गिळणं तर चालूच असतं. म्हणून खूप कमी पाणी दिसलं की आम्ही दोनच गोष्टी आधी शोधतो, शू कमी होतेय का आणि पाणी गळतंय का. जास्त पाण्याच्या बाजूला मात्र इतकी सवलत असते की अन्ननलिका जोडलेली नाही अशा बाळातसुद्धा २० व्या आठवड्याच्या अ‍ॅनोमली स्कॅनला (बाळात व्यंग आहे का बघण्याच्या सोनोग्राफीला) पाणी अगदी नॉर्मल दिसू शकतं आणि २८-३० आठवड्यांनंतर ते वाढायला लागतं, कारण तोपर्यंत गिळण्याचा वाटाच छोटा असतो आणि पडदा सांभाळून घेतो. काही बाळांत अन्ननलिकेचा खालचा तुकडा श्वासनलिकेला जोडलेला असतो, मग पाणी त्या आडवाटेने पोटात पोचतं आणि पाणी वाढतही नाही, निदान जन्मानंतर होतं.

पाणी वाढण्याचं नेहमीचं कारण मात्र असलं काही नसतं. आईची साखर वाढलेली असेल तर ती वारेतून बाळाकडे जाते, बाळाच्या रक्तात साखर वाढली की मोठ्या माणसासारखीच त्यालाही शू जास्त होते. साखर आटोक्यात आणली की बऱ्याचदा पाणीही खाली येतं. बाळात रक्त कमी असेल तर हृदयाला जास्त पळावं लागतं, त्यातही शू वाढते, म्हणून पाणी जास्त दिसलं की आम्ही डॉपलरने (रक्ताचा प्रवाह मोजणाऱ्या सोनोग्राफीने) मेंदूच्या रक्तवाहिनीतला वेग बघतो. बार्टर सिंड्रोम नावाचा दुर्मिळ प्रकार आहे ज्यात किडनी क्षार धरून ठेवू शकत नाही आणि शू नुसती वाहत राहते, पाणी फार लवकर आणि फार जास्त. आणि एकाच वारेवरची जुळी, त्यांच्यात तर दोन्ही टोकं एकाच पोटात बघायला मिळतात: वारेतल्या जोडणीतून एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जात राहतं, देणाऱ्याची किडनी जवळपास बंद पडते, घेणारं शू करून करून पाणी वाढवतं, एकाच्या बाजूला सगळ्यात खोल पाणी २ सेंटिमीटरहून कमी आणि दुसऱ्याच्या बाजूला ८ हून जास्त. हे दिसलं तर वाट बघायची नसते, त्याच दिवशी फीटल मेडिसिनवाल्यांना, म्हणजे पोटातल्या बाळावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना, गाठायचं. पण एवढं सगळं सांगितलं तरी थोडंसं वाढलेलं पाणी, म्हणजे सगळ्यात खोल पॉकेट (सोनोग्राफीत दिसणारी पाण्याची मोकळी जागा) ८ ते १२ सेंटिमीटरच्या मधे, त्यात निम्म्याहून जास्त वेळा कारण सापडतच नाही आणि बाळ ठणठणीत निघतं.

पाणी खूपच वाढलं आणि आईला श्वास घेता येईना तर सुईने काढतात, लिटर-दीड लिटर काढलं तरी काही दिवसांत पुन्हा भरू शकतं, कारण नळ चालूच असतो. याच कारणाने अम्नियोसेंटेसिसला (तपासणीसाठी सुईने पाण्याचा नमुना घेतात त्याला) १५-२० मिली पाणी काढलं म्हणून घाबरायचं कारण नसतं. आणि पिशवी फुटल्यावर "सगळं पाणी गेलं, बाळ कोरडं पडलं" म्हणतात तेव्हाही बाळ शू करतच असतं, पाणी येत राहतं आणि गळत राहतं.

कमी पाण्याकडे येऊ. वेळ फार महत्त्वाची. १८-२० आठवड्यांना पाणी नसणं आणि ३९ आठवड्यांना पाणी कमी असणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, नाव एकच असलं तरी. १६ ते २४-२६ आठवड्यांत फुप्फुसांची आतली रचना होत असते आणि तेव्हा पाणी नसेल तर फुप्फुसं वाढतच नाहीत, किडनी नसलेली बाळं पोटात जगतात कारण वार रक्त साफ करते, आणि जन्मल्यावर जातात ती बहुतेक वेळा फुप्फुसामुळे. १९४६ मध्ये एडिथ पॉटर यांनी अशा बाळांचं वर्णन केलं होतं, चपटं नाक, कानाची ठेवण, वाकडे पाय, यातलं बरंचसं नुसतं पाण्याच्या अभावाने दाबलं गेल्याने होतं.

तिसऱ्या तिमाहीत मात्र मुख्य संशयित वार. वारेतून पुरवठा कमी पडला की बाळ रक्त मेंदू, हृदय यांच्याकडे वळवतं आणि किडनीच्या वाट्याला कमी येतं, मग शू कमी, मग पाणी कमी. म्हणून पाणी कमी आलं की नुसत्या पाण्यावर बोलण्यात अर्थ नसतो, बाळाचं वजन त्याच्या आधीच्या रेषेवर चाललंय का, नाळेचा डॉपलर कसा आहे, हे बघायचं. मी स्वतः अशा वेळी प्रोब (सोनोग्राफीचं हातातलं यंत्र) बाळाच्या ओटीपोटावर रोखून ब्लॅडर, म्हणजे मूत्राशय, शोधते, कलर (रक्तप्रवाह रंगात दाखवणारं डॉपलर) लावला की नाळेच्या दोन धमन्या त्याच्या दोन बाजूंनी जाताना दिसतात, त्यांच्या मधला काळा गोळा म्हणजे ब्लॅडर. ते आत्ता रिकामं असेल तर पेशंटला चालायला पाठवते आणि अर्ध्या तासाने परत बघते, तोवर भरलं असेल तर किडनी काम करतेय. कुठल्याही आकड्यापेक्षा मला यातून जास्त कळतं. चाळीस आठवडे उलटल्यावर पाणी दर आठवड्याला साधारण ८ टक्क्यांनी उतरत जातं, ते त्या वयाचंच आहे, पण लक्ष ठेवावं लागतं.

आता मोजण्याबद्दल, कारण खरी भानगड इथे आहे. एएफआय म्हणजे पाण्याचं प्रमाण नव्हे, चार उंच्यांची बेरीज आहे. बेंबीपाशी पोटाचे चार भाग कल्पायचे, प्रोब जमिनीला काटकोनात धरायचा, प्रत्येक भागात हातपाय आणि नाळ सोडून सगळ्यात खोल काळी जागा शोधायची आणि वरून खाली मोजायची. ही पद्धत १९८७ मध्ये फेलन या डॉक्टरांनी मांडली. आता बाळाने मोजता मोजता पाय हलवला तर पॉकेट दुसरीकडे जातं. प्रोब जोरात दाबला तर आकडा कमी येतो, थोडा तिरका धरला तर जास्त. कलर लावून नाळेचे वेढे वगळले तर अजून कमी येतो, आणि आपण ज्या नॉर्मल रेंजशी तुलना करतो ती कलर न लावता बनवलेली. एकाच बाईचं दोघांनी लागोपाठ मोजलं तरी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. तुमचे १४ आणि ९ दोन वेगळ्या सेंटरचे असतील, किंवा बाळ मधल्या काळात फिरलं असेल, तर त्या पाचातले तीन तरी मी मोजण्याच्या नावावर टाकेन.

म्हणून मी कमी पाण्याच्या निदानासाठी सगळ्यात खोल एकच पॉकेट बघते, २ ते ८ सेंटिमीटर नॉर्मल. हा माझा हट्ट नाही, २०१६ चा सेफ नावाचा अभ्यास (ट्रायल) याच प्रश्नावर होता, त्यात एएफआय वापरला तेव्हा "पाणी कमी" असा शिक्का जास्त जणींवर बसला, कळा आणण्याची औषधं जास्त जणींना दिली गेली, आणि बाळांच्या तब्येतीत काही फरक पडला नाही. तरीही एएफआय रिपोर्टवर छापला जातो कारण सवय. एएफआय ८ आला म्हणून रात्रभर न झोपलेल्या बायका सकाळी येतात तेव्हा त्या सवयीचा मला खरंच राग येतो.

पाणी पिण्याचं काय? उपयोग होतो, पण समजून घ्या कसा. तुम्ही प्यायलेलं पाणी पिशवीत जात नाही. ते रक्तात जातं, तुमचं रक्त थोडं पातळ होतं, त्यामुळे वारेतून बाळाकडे पाणी जास्त जातं, बाळाची शू वाढते, आणि ती पिशवीत येते. ज्यांचं पाणी कमी होतं त्यांना दोन लिटर पाणी पाजून काही तासांत एएफआय साधारण दोन सेंटिमीटरने वाढलेला अभ्यासांत दिसलाय. आणि रक्त पातळ होणं हीच किल्ली असल्यामुळे तोंडाने प्यायलेलं साधं पाणी काम करतं, नॉर्मल सलाइनसारखी रक्ताइतकीच दाट बाटली चढवून तेवढं होत नाही, कारण तिने रक्त पातळ होतच नाही. उलट्या, जुलाब, ताप, उन्हात फिरणं, उपवास यांच्यानंतर आलेला कमी आकडा दोन दिवस नीट पाणी पिऊन परत मोजावा, बरेचदा सुधारलेला असतो. पण हा परिणाम टिकत नाही, तुमची किडनी जादा पाणी बाहेर टाकते आणि गाडी मूळ पदावर. रोज चार लिटर प्यायल्याने पातळी कायमची वर जाणार नाही, अडीच-तीन लिटर पुरे, रात्रीची झोप मोडून पिऊ नका, आणि कळा सुरू असताना तर लिटरच्या लिटर साधं पाणी अजिबात नको, रक्तातलं सोडियम उतरतं. वारेचा पुरवठाच कमी असेल तर पाणी पिऊन आकडा थोडा वर येईलही, पण वार त्याने सुधारत नाही. प्रोटीन पावडर आणि आर्जिनिनच्या (एका अमिनो आम्लाच्या) पुड्या यांनी पाणी वाढतं असं सर्रास सांगितलं जातं, वर जे चार रस्ते सांगितले त्यातल्या कुठल्या रस्त्याने, हे सांगणाऱ्याला एकदा विचारून बघा.

त्यापेक्षा घरातली औषधं तपासा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या वेदनाशामक गोळ्या बाळाच्या किडनीकडचा रक्तप्रवाह कमी करतात, शू कमी होते आणि पाणी उतरतं, अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये २० व्या आठवड्यापासून पुढे त्या टाळा असा इशारा दिला. पाठ दुखते म्हणून घरात पडलेली गोळी घेतली आणि ते डॉक्टरला सांगायचं राहूनच गेलं असं खूपदा होतं, औषध बंद केल्यावर पाणी बहुतेक वेळा परत येतं. बीपीसाठीच्या एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन या गटातल्या गोळ्या तर गरोदरपणात नकोच, त्यांनी बाळाची शू पूर्ण बंद पडू शकते, मात्र स्वतःच्या मनाने बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडून बदलून घ्या. बीपीसाठी डॉक्टरांनी दिलेली रोजची छोटी अ‍ॅस्पिरिन या इशाऱ्यात येत नाही, ती थांबवू नका.

आणि गळती. पिशवी दर वेळी फटकन फुटते असं नाही, वरच्या बाजूला बारीक छिद्र असेल तर नुसता ओलसरपणा राहतो आणि बाईला वाटतं शू निसटतेय किंवा अंगावरून जातंय. पॅड लावून तासभर चाला, पॅड पाण्यासारखं भिजत असेल, शूचा वास नसेल, खोकल्यावर किंवा उठताना जास्त येत असेल तर फोन करून वेळ घेत बसू नका, सरळ दाखवायला जा, तपासणीत आणि साध्या टेस्टमध्ये कळतं.

तुमच्या केसमध्ये मी काय करेन, तर पुढच्या सोनोग्राफीला, शक्य असेल तर त्याच सेंटरला, सगळ्यात खोल पॉकेट किती आहे ते लिहून मागेन, बाळाच्या वजनाचा ग्राफ आधीच्या दोन रिपोर्टांशी जोडून बघेन, ब्लॅडर दिसलं का विचारेन, आणि वजन मागे पडत असेल तरच डॉपलरच्या मागे लागेन. तोवर बाळाची हालचाल नेहमीसारखी आहे ना याकडे लक्ष ठेवा, ती कमी वाटली तर एएफआय कितीही असो, त्याच दिवशी दाखवा.